अंगकोर आणि फ्नॉम पेन्ह: मंदिरं कमी, वेळ जास्त, असा कंबोडियाचा सात-आठ दिवसांचा प्लॅन

कंबोडियाला जायचं म्हटलं की बहुतेक जण विचारतात "दोन दिवसांत किती मंदिरं होतील?" आणि माझं कळकळीचं सांगणं आहे की हा प्रश्नच सोडून द्या. मी आईला घेऊन गेले होते, तिचं वय ६७, गुडघे थोडे कुरकुर करणारे, त्यामुळे आम्हाला नाईलाजाने मंदिरं कमी करावी लागली, आणि तिथे गेल्यावर कळलं की हेच बरोबर होतं. कारण तिथल्या भिंतींवर जे कोरलंय ते आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. समुद्रमंथन, शरपंजरी भीष्म, कैलास हलवणारा रावण, रेड्यावर बसलेला यम. युरोपातल्या माणसाला गाईडने गोष्ट सांगावी लागते, आपल्याला फक्त भिंतीसमोर उभं राहायला वेळ लागतो. तो वेळ मिळेल अशा हिशोबानेच खालचं सगळं लिहिलंय.

आधी कधी जायचं ते बघा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, हवा कोरडी आणि सकाळी चक्क गार वारा. मार्चपासून तापायला लागतं आणि एप्रिल म्हणजे विदर्भातला मे महिना समजा, वर दमटपणा वेगळाच, आईवडिलांना घेऊन त्या काळात अजिबात जाऊ नका. मे ते ऑक्टोबर पाऊस असतो पण आपल्यासारखी झड लागून राहत नाही, साधारण दुपारनंतर जोरात कोसळतो आणि थांबतो, गर्दी कमी, झाडं हिरवीगार, खंदक भरलेले. ज्याला फोटोंची आवड आहे त्याने सप्टेंबर-ऑक्टोबरचा विचार करायला हरकत नाही, फक्त दिवसात थोडी मोकळी जागा ठेवा.

व्हिसा, विमान आणि एक महत्त्वाची सूचना

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. सरकारी ई-व्हिसाच्या साइटवरून काढा, पर्यटक व्हिसाची फी साधारण ३० डॉलरच्या घरात, एका प्रवेशाचा आणि ३० दिवसांचा. सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट एजंटांच्या असतात, दिसायला हुबेहूब सरकारी, आणि पैसे जवळजवळ दुप्पट, त्यामुळे पत्त्याच्या शेवटी सरकारी खूण आहे का ते नीट बघून मगच कार्ड नंबर टाका. पासपोर्ट सहा महिने तरी वैध हवा. शिवाय विमानाने जाताना ई-अरायव्हल नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, पोचायच्या आधीच्या सात दिवसांत, तो फुकट आहे, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. भरून झाल्यावर येणाऱ्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा कारण विमानतळावर नेट लागेलच असं नाही.

मुंबईहून जाताना बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर किंवा हो ची मिन्ह सिटीमार्गे कनेक्शन मिळतं. तिकीट काढताना एक गोष्ट करा, अंगकोरच्या मंदिरांजवळच्या सिएम रीप शहरात उतरा आणि राजधानी फ्नॉम पेन्हहून परत या. दोन्हीकडे आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, त्यामुळे सहा तासांचा रस्ता उलटा करावा लागत नाही. का आधी मंदिरं आणि मग राजधानी ते पुढे सांगते.

आता सूचना. पूर्वी बँकॉकहून बसने सीमेवरच्या पोईपेटमार्गे सिएम रीपला जायचा स्वस्त मार्ग होता आणि जुन्या प्रवासवर्णनांमध्ये तोच सापडतो. पण २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाची सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. त्यामुळे प्लॅन विमानाचाच करा, आणि सीमेलगतची मंदिरं, मुख्यतः प्रेह विहेअर, परिस्थिती पूर्ण निवळल्याशिवाय यादीत घालू नका, मंदिर कितीही सुंदर असलं तरी.

पैसे

देशाचं चलन रिएल, पण अमेरिकन डॉलर सगळीकडे चालतात, साधारण ४००० रिएलला एक डॉलर. डॉलरची नाणी तिथे चालत नाहीत, म्हणजे तुम्ही पाच डॉलर दिले आणि बिल साडेतीन झालं तर एक डॉलरची नोट आणि वर २००० रिएल परत येतात, हे पहिल्या दिवशी गोंधळात टाकतं, मग सवय होते. नोटा कोऱ्या हव्यात. हे मी दोनदा सांगते कारण आमची वीसची एक नोट कडेला नखाएवढी फाटलेली होती आणि ती सिएम रीपमध्ये चार ठिकाणी नम्रपणे परत केली, शेवटपर्यंत खपली नाही, घरी परत आणली. भारतातून डॉलर घेताना काउंटरवरच एकेक नोट उजेडात धरून बघा, फाटलेली, शाई लागलेली, जास्त मळकी असेल तर तिथेच बदलून मागा. एक आणि पाचच्या नोटा भरपूर घ्या, शंभरची नोट टुकटुकवाल्याला देऊन काही उपयोग नाही.

सिएम रीपला पोचल्यावर

नवं विमानतळ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालंय आणि ते शहरापासून ४० किलोमीटरच्या वर लांब आहे, तासभर धरा. जुन्या ब्लॉगमध्ये "विमानतळ दहा मिनिटांवर" असं वाचलं असेल तर ते जुन्या विमानतळाबद्दल. आधीच हॉटेलला पिकअप सांगितलं तर सोपं पडतं. उतरल्यावर तिथेच सिम घ्या, थोड्या डॉलरमध्ये आठवडाभराचा डेटा मिळतो. ग्रॅब आणि पासॲप ही गाडी बोलवायची दोन ॲप टाकून ठेवा, शहरातल्या शहरात फिरायला भाव करायची कटकट राहत नाही.

हॉटेल जुन्या बाजाराच्या जवळ, पण पब स्ट्रीटच्या आवाजापासून दोन-तीन गल्ल्या लांब बघा. स्विमिंग पूल असलेलं २५-३० डॉलरला छान मिळतं आणि तो पूल इथे चैन नाही, दुपारी बाराला मंदिरातून परत आल्यावर त्याचं महत्त्व कळतं.

मंदिरांसाठी टुकटुक पूर्ण दिवसाचं ठरवा. इथलं टुकटुक म्हणजे मोटरसायकलला जोडलेली मागची गाडी, चार जण बसतात, तिला ते रेमॉर्क म्हणतात. जवळच्या मंदिरांच्या फेरीला दिवसाचे १५ ते २५ डॉलर, लांब जायचं असेल तर जास्त, पहाटे निघायचं असेल तर थोडे अजून. शक्यतो सगळे दिवस एकच माणूस ठेवा. वयाने मोठ्या माणसाला तिथे "बोंग" म्हणतात, म्हणजे आपलं दादा किंवा ताई, दोघांनाही तोच शब्द. आमचे बोंग रोज बर्फाच्या डब्यात पाण्याच्या बाटल्या घेऊन यायचे आणि आईला चढायला त्रास होतोय हे बघून दुसऱ्या दिवसापासून स्वतःच विचारायला लागले की कुठल्या दाराने गेलं तर पायऱ्या कमी. ही माहिती कुठल्या ॲपमध्ये नसते.

पास कुठला घ्यायचा

अंगकोरची मंदिरं बघायला पास लागतो. एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचाच घ्या, त्यात काही विचार करायची गरज नाही. तो सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतो, म्हणजे मध्ये एक दिवस आराम करता येतो. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही पण वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. पास ऑनलाइन काढता येतो किंवा तिकीट केंद्रावर, आणि हे केंद्र मंदिरापाशी नाही, शहराच्या बाजूला वेगळी मोठी इमारत आहे, बिनपासाचं थेट मंदिरावर गेलात तर परत पाठवतात. पासवर तुमचा फोटो असतो आणि जवळजवळ प्रत्येक मंदिराच्या दारात तपासतात, तो दुसऱ्याला देता येत नाही.

एक चांगली सोय अशी की संध्याकाळी पाचच्या सुमारास पास काढला तर तो मोजायचा उद्यापासून, पण त्या संध्याकाळी सूर्यास्त बघायला आत सोडतात. बहुतेक मंदिरं साडेपाचला बंद होतात, मात्र प्रे रूप आणि फ्नॉम बाखेंग ही दोन सातपर्यंत उघडी असतात. बाखेंगच्या टेकडीवर एका वेळी ३०० लोकांनाच सोडतात आणि रांगेतच सूर्य बुडतो, म्हणून प्रे रूपला जा. राजा राजेंद्रवर्मनचं ९६१ सालचं शिवमंदिर आहे, विटा आणि जांभ्या दगडाचं, संध्याकाळच्या उन्हात अख्खं तांबूस होतं. हो, जांभाच, आपल्या कोकणातल्यासारखाच, आई लगेच हात लावायला गेली, दगड बघून तिला रत्नागिरीचं घर आठवलं.

पहिला दिवस: अंगकोर वाट, पण दुपारी

सगळे पहाटे पाचला अंगकोर वाटला पळतात. मी म्हणते पहिल्यांदा दुपारी तीनला जा. कारण हे मंदिर पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपारनंतरचं ऊन समोरून पडतं आणि पाचही शिखरं उजळतात, सकाळी ती नुसती काळी आकृती दिसते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने हे विष्णूसाठी बांधलं, भोवतीचा खंदक १९० मीटर रुंद आहे, तो ओलांडायलाच दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात डोकं शांत होतं.

खंदक ओलांडून पश्चिमेच्या गोपुरात शिरलात की लगेच मधल्या वाटेने पुढे पळू नका, उजवीकडे वळा. तिथे आठ हातांची विष्णूची उंच उभी मूर्ती आहे. स्थानिक लोक तिला ता रीच म्हणतात, अंगावर पिवळं-भगवं वस्त्र, समोर उदबत्त्या, केळी, कमळाच्या कळ्या. देश बौद्ध झाला त्यालाही कितीतरी शतकं लोटली पण नमस्कार करायला गावची माणसं अजून येतात. आई चप्पल काढून हात जोडून उभी राहिली, शेजारची एक म्हातारी बाई तिच्याकडे बघून हसली आणि तिने आपल्याजवळच्या उदबत्त्यांमधल्या तीन काढून आईच्या हातात दिल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

मग मुख्य मंदिरात पहिल्या सज्जात पोचलात की परत उजवीकडे. इथली शिल्पं डावीकडून उजवीकडे अशी, म्हणजे मंदिर आपल्या डाव्या हाताला ठेवून बघायची आहेत, आपल्या प्रदक्षिणेच्या बरोब्बर उलट. पितृकार्यातल्या अपसव्याची आठवण होते ना, अभ्यासकांनाही तेच वाटतं, की हे मंदिर राजाच्या मृत्यूनंतरच्या कार्याशी जोडलेलं असावं. पहिलीच भिंत कुरुक्षेत्राची. एका टोकाकडून कौरव, दुसऱ्याकडून पांडव, आणि मधे दोन्ही सैन्यं एकमेकांत घुसतात. शरपंजरी भीष्म शोधा, वरच्या बाजूला सापडतो. अर्जुनाचा सारथी चार हातांचा आहे. दक्षिणेच्या बाजूला वळलात की आधी स्वतः सूर्यवर्मनाची मिरवणूक आणि त्यापुढे यमधर्म रेड्यावर, चित्रगुप्त हिशोब सांगतोय, वर ३७ स्वर्ग आणि खाली ३२ नरक. इथे थांबा, पुढचं उद्या.

सगळ्यात वरच्या मजल्याला बाकान म्हणतात. खांदे आणि गुडघे पूर्ण झाकलेले हवेत, आणि नुसती ओढणी खांद्यावर घेतलेली चालत नाही, बाह्यांचा कपडाच लागतो, माझ्यासमोर तीन-चार जणींना परत पाठवलं. बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. महिन्यातले चार बौद्ध उपोसथाचे दिवस तो भाग बंद असतो, साधारण अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या या हिशोबाने, आपल्या कॅलेंडरवरूनच अंदाज येतो. जिना लाकडी आणि कठडा असलेला आहे पण भलताच उभा, आई वर आली नाही आणि मी तिला आग्रहही केला नाही.

दुसरा दिवस: पूर्वेच्या दाराने समुद्रमंथन, मग अंगकोर थोम

ज्यांना सूर्योदय बघायचाच आहे त्यांनी पहाटे पश्चिमेच्या दाराने शिरून डावीकडच्या तळ्याच्या काठी जागा धरावी, पाचच्या आत. आम्ही ते केलं नाही. आम्ही साडेसहाला पूर्वेच्या दाराने गेलो, तिकडे जंगलातून मातीची वाट आहे, पक्ष्यांचा आवाज आणि आम्ही दोघीच. आणि याचा खरा फायदा असा की समुद्रमंथनाची भिंत पूर्वेच्याच सज्जात, दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात आहे, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन खांबांमधून तिरकं थेट त्या शिल्पावर पडतं.

४९ मीटर लांब भिंत. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, वासुकीचं अंग सगळ्यांच्या हातात. मधे विष्णू, खाली कूर्म, वर अप्सरांची रांग उडत निघालेली. पण तुम्ही गुडघ्यावर बसून खालची पट्टी बघा. तिथे समुद्र आहे, मासे आहेत, मगरी आहेत, आणि जसजसं तुम्ही मध्याकडे सरकता तसतसा पाण्याचा जोर वाढतो आणि रवीच्या अगदी जवळचे मासे मधोमध कापले गेलेत, अर्धे इकडे अर्धे तिकडे. ताक घुसळताना रवीजवळ काय होतं हे ज्याने बघितलंय त्यानेच हे कोरलं असणार. आम्ही तिथे पाऊण तास होतो. त्या पाऊण तासात तीन ग्रुप आले, फोटो काढले, गेले. शिल्पांना हात मात्र लावू नका, काही ठिकाणी शेकडो वर्षांच्या हातांनी दगड आरशासारखा गुळगुळीत झालाय, आता जपायला हवं.

तिथून साडेआठ-नऊला अंगकोर थोम. थोम म्हणजे मोठं, आणि अंगकोर हा शब्द आपल्या "नगर" वरूनच आलाय, म्हणजे मोठं नगर. प्रत्येक बाजू तीन किलोमीटर. दक्षिणेच्या दारासमोरच्या पुलावर एका बाजूला ५४ देव आणि दुसऱ्या बाजूला ५४ असुर नाग धरून बसलेत, आत्ताच बघून आलेलं मंथन इथे रस्त्याच्या दोन्ही कडेला परत भेटतं. टुकटुक पुलाच्या अलीकडे थांबवा आणि चालत जा.

आत मधोमध बायोन, सातव्या जयवर्मनने बाराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं, शिखरांवर चारही दिशांना बघणारे मंद हसणारे चेहरे. चेहऱ्यांचे फोटो सगळेच काढतात, पण खालच्या बाहेरच्या सज्जातली शिल्पं बघायला कोणी थांबत नाही आणि तिथे देव नाहीत, लोक आहेत. बाजारात तराजू घेऊन बसलेली बाई, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाकाची मोठी पातेली, शेजारच्या राज्यातल्या चाम लोकांशी होड्यांवरची लढाई आणि खाली मगरी. आठशे वर्षांपूर्वीचा आठवडी बाजार म्हणा. शेजारी बाफुऑन मंदिर आहे, पायांत दम असेल तर चढा. १९६० च्या दशकात दुरुस्तीसाठी ते सुटं केलं, जवळजवळ तीन लाख दगड मांडून ठेवले, मग युद्ध आणि ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट राजवटीचा काळ आला, कुठला दगड कुठला याची कागदपत्रं नष्ट झाली, आणि ते परत जोडून पूर्ण व्हायला २०११ उजाडलं.

साडेअकराला हॉटेलवर परत. जेवा, झोपा. तीनला ता प्रोहम. झाडांच्या मुळांनी धरलेलं मंदिर ते हेच. ११८६ साली जयवर्मनने आईच्या नावाने बांधलं, आणि तिथल्या शिलालेखात लिहिलंय की राज्यात १०२ रुग्णालयं होती. इथे आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या मंदिराच्या जतनाचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलंय, आणि त्याआधी १९८६ ते १९९३ मध्ये, देश नुकताच सावरत असताना, अंगकोर वाटचंही. फलक दिसतील, वाचा. बंद व्हायच्या आधीचा शेवटचा तास सगळ्यात शांत.

तिसरा दिवस: बांतेय स्रेई आणि वाटेवरचा गूळ

हे मुख्य मंदिरांपासून २५ किलोमीटर लांब, टुकटुकने तासभर, म्हणून बरेच जण गाळतात. गाळू नका, वेळ कमी असेल तर दुसरं काहीही गाळा. ९६७ सालचं हे शिवमंदिर राजाने नाही तर यज्ञवराह नावाच्या विद्वान गुरूने उभारलं, दगड गुलाबी, उंची माणसाला पेलवेल इतकीच, आणि कोरीवकाम चंदनाच्या पेटीवर असतं तसं बारीक. सकाळी उघडताच पोचा.

आवारातल्या ज्या छोट्या इमारतींना ग्रंथालय म्हणतात, त्यातल्या दक्षिणेच्या ग्रंथालयाच्या पूर्वेकडची त्रिकोणी कमान शोधा. रावण कैलास हलवतोय. आपण वेरूळच्या कैलास लेण्यात हा प्रसंग पाहिलेला असतो, तिथे रावण खाली जोर लावतोय आणि वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय. इथेही पार्वती तशीच बिलगलीय, पण पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा आहे, रावणाची तोंडं एकावर एक मनोऱ्यासारखी रचलेली, आणि खालच्या पायरीवरचे प्राणी सैरावैरा पळतायत. वेरूळनंतर साधारण दोनशे वर्षांनी, हजारो किलोमीटर लांब, तीच गोष्ट दुसऱ्या हाताने सांगितलेली. जायच्या आधी एकदा वेरूळचा फोटो फोनमध्ये घेऊन ठेवा आणि तिथे उभं राहून दोन्ही शेजारी बघा, मला तरी अंगावर काटा आला. दुसऱ्या कमानीवर शंकरावर बाण सोडायला निघालेला मदन आहे, आणि उत्तरेच्या ग्रंथालयावर कृष्ण कंसाला मारतोय.

येताना प्रेह डाक गावात थांबा. रस्त्याच्या कडेला चुलींवर मोठ्या कढयांत ताडाचा रस आटवतात, गुऱ्हाळासारखाच वास, आणि तो गूळ ताडाच्या पानांच्या छोट्या पुड्यांत बांधून विकतात. घरी आणायला यापेक्षा चांगलं काही नाही, चहात तर फारच छान लागतो. विकणाऱ्या काकूंनी आईला लाकडी उलथन्यावरचा गरम गूळ चाखायला दिला आणि मग दोघी बराच वेळ खुणांनी पाक कधी उतरवायचा यावर बोलत होत्या.

दम असेल तर वर पुढे कबाल स्पेअन आहे, दीड किलोमीटर जंगलातली चढण आणि नदीच्या पात्रात कोरलेली शेकडो शिवलिंगं. पावसाळ्यानंतर पाणी असतानाच जा. आणि अशा लांबच्या ठिकाणी ठरलेली वाट सोडून झाडीत शिरू नका, देशात जुने भूसुरुंग अजून सापडतात.

शाकाहारी असाल तर

माशाचा सॉस जवळजवळ सगळ्यात असतो, भाजी दिसली तरी. "न्याम बुऑस" म्हणजे मी शाकाहारी खाते, आणि "ऑत डाक तुक त्रेय" म्हणजे माशाचा सॉस घालू नका. दोन्ही वाक्यं हॉटेलच्या मुलाकडून ख्मेर भाषेत, म्हणजे तिथल्या भाषेत, लिहून घ्या आणि कागद दाखवा. टोफूचा आमोक, म्हणजे केळीच्या पानात वाफवलेली नारळाच्या दुधाची करी, बऱ्याच ठिकाणी करून देतात. रस्त्यावर बांबूच्या नळीत भाजलेला चिकट भात मिळतो, तांदूळ, नारळाचं दूध आणि चवळी, त्याला क्रालान म्हणतात, प्रवासाला उत्तम. मांसाहारी लोकांना काहीच अडचण नाही, नदीचे मासे ताजे असतात. दोन्ही शहरांत भारतीय रेस्टॉरंट आहेत, आईला चौथ्या दिवशी वरणभात लागलाच.

थँक्यूला "ऑरकुन" म्हणा, त्यातला "कुन" म्हणजे आपला गुण. फोनला ते "तूरसाप" म्हणतात, म्हणजे दूरशब्द.

फ्नॉम पेन्हकडे

अंतर ३१५ किलोमीटर, बसने सहा तास, रात्रीची बस घेऊ नका. चार जण असाल तर गाडी ठरवा कारण वाटेत दोन थांबे फार चांगले आहेत. एक म्हणजे कांपोंग क्देईचा जुना पूल, सातव्या जयवर्मनच्या काळातला, जांभ्या दगडाचा, कठड्याला नाग. दुसरा कांपोंग थोमजवळ आत ३० किलोमीटरवर सांबोर प्रेई कुक, म्हणजे सातव्या शतकातलं ईशानपूर, अंगकोरच्याही आधीची राजधानी, जंगलात विटांची मंदिरं, २०१७ पासून जागतिक वारसा. तिथे आम्हाला दोन तासांत दहा माणसंही दिसली नाहीत.

राजधानीत क्रम महत्त्वाचा

पहिल्या दिवशी सकाळी आठला राष्ट्रीय संग्रहालय, तिकीट साधारण १० डॉलर. लाल रंगाची १९२० सालची इमारत. मंदिरं आधी आणि हे नंतर असं मी म्हणते ते यासाठी की तिथले रिकामे चौथरे तुम्ही बघून आलेले असता, आता त्यावरच्या मूर्ती भेटतात. फ्नॉम दा इथला गोवर्धन उचललेला कृष्ण बघा, डावा हात वर, चेहऱ्यावर जराही ताण नाही. आणि कोह केरचा भीम-दुर्योधन गदायुद्धाचा देखावा. हे पुतळे देशातल्या अशांततेच्या काळात पायापासून कापून चोरले गेले होते, पाय तिथेच चौथऱ्यावर राहिले, आणि त्या पायांवरूनच पुढे सिद्ध झालं की परदेशात गेलेला दुर्योधन आणि भीम इथलेच. २०१३-१४ च्या सुमारास ते एकेक करून अमेरिकेतून परत आले. बघताना पाऊल आणि घोटा यांमधली ती रेघ नक्की बघा.

राजवाडा शेजारीच आहे पण दुपारी बंद असतो, दोनला परत उघडतो, कपड्यांचा नियम बाकानसारखाच. १८६६ मध्ये राजा नोरोदोमने राजधानी इथे आणली तेव्हापासूनचा. आत चांदीच्या पॅगोडाची जमीन पाच हजारांहून जास्त चांदीच्या फरश्यांची आहे, बहुतेक भाग गालिच्याखाली. त्याच्या भोवतीच्या भिंतीवर त्यांचं रामायण, म्हणजे रीमकेर, रंगवलंय, खालून ओल येऊन बराच भाग पुसट झालाय, तरी हनुमान लगेच ओळखू येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुओल स्लेंग. ही एक शाळा होती. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजने शहर ताब्यात घेतलं, सगळ्यांना खेड्यांत हाकललं, आणि या शाळेचा तुरुंग केला. १५ हजारांच्या आसपास माणसं इथे आणली गेली, जिवंत राहिलेली बोटांवर मोजण्याइतकी. वर्गांचे फळे अजून भिंतीवर आहेत आणि त्याच खोल्यांत विटांच्या कोठड्या. ऑडिओ गाईड नक्की घ्या, थोडे जास्त पैसे लागतात, पण मग तुम्ही आपल्या गतीने, हवं तेव्हा बाकावर बसून ऐकू शकता. आत बोलणं नको, सेल्फी नको. लहान मुलांना नेऊ नका. आई दुसऱ्या इमारतीतल्या फोटोंच्या भिंतीपर्यंत आली, नंतर बाहेर चाफ्याच्या झाडाखाली बसून राहिली, आणि तेही चालतं, सगळं बघितलंच पाहिजे असं काही नाही. इथल्या कैद्यांना जिथे नेऊन मारलं ते "चोएंग एक" नावाचं मैदान शहराबाहेर १५ किलोमीटरवर आहे, बहुतेक लोक दोन्ही एकाच दिवशी करतात, मी म्हणेन एका वेळी एकच, किंवा मधे दोन तास तरी ठेवा. जुलै २०२५ मध्ये ही दोन्ही ठिकाणं जागतिक वारसा यादीत आली.

त्या दिवशी दुपारनंतर काहीही ठरवू नका, बाजार, खरेदी, काही नाही. खरेदी आदल्या संध्याकाळी रशियन मार्केटमध्ये उरकून घ्या. विमान रात्रीचं असेल तर लक्षात ठेवा की फ्नॉम पेन्हचं विमानतळही बदललंय, सप्टेंबर २०२५ पासून नवीन तेचो विमानतळ, शहरापासून २० किलोमीटर, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास धरून चला.

पाचच्या सुमारास सिसोवाथ क्वेला नदीकाठी जाऊन बसा. समोर तोनले साप आणि मेकाँग या नद्या एकमेकींना मिळतात. पावसाळ्यात मेकाँगला इतकं पाणी येतं की तोनले साप उलटी वाहायला लागते, वरच्या तळ्याकडे, आणि पाऊस सरला की परत सरळ होते. आम्ही गेलो तेव्हा ती सरळ वाहत होती. काठावरच्या छोट्या देवळापाशी बायका कमळाच्या कळ्या विकत होत्या, पाकळ्या एकेक करून आत दुमडून फूल उमलवायची त्यांची एक पद्धत आहे, आईने एका मुलीकडून ती शिकून घेतली आणि अंधार पडेपर्यंत पाच फुलं केली.